चिऊताईने दार कधी उघडावे?

प्रश्न : नातीसाठी आणलेल्या चित्रपुस्तकात काऊ-चिऊच्या गोष्टीचे रूपच पालटले आहे. पावसात शेणाचे घर वाहून गेल्यावर कावळा मेणाच्या घराशी येतो, चिऊताई पहिल्याच हाकेला दार उघडते आणि दोघे खीर खातात. आम्ही ऐकलेल्या गोष्टीत कावळा चुलीपाशी बसून भाजत असे. परंपरागत कथेत अशी ढवळाढवळ योग्य आहे का? (एक आजी, सातारा)

उत्तर : शेवट बदलल्याबद्दल आमची तक्रार नाही, कारण या गोष्टीला एकच एक शेवट कधी नव्हताच. कुठे कावळा तव्यावर बसून भाजतो, तर कुठे रात्रभर चिऊताईचे साठवलेले दाणे फस्त करतो. तेराव्या शतकातील लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी ही गोष्ट येते, तिथे तर चिमणीच्या जागी साळई नावाचा पक्षी आहे. शिवाय तोंडी सांगताना आजी ‘भाजला’ हा शब्द हसत उच्चारून सोडून देऊ शकते. छापलेले भाजलेले पंख मात्र तीन वर्षांचे मूल पुन्हा पुन्हा उघडून पाहते.

आमचा आक्षेप आहे तो पहिल्या हाकेला उघडलेल्या दारावर. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’, ‘थांब, तीट लावते’, ‘थांब, झोपवते’ ही उत्तरे मुले आपल्याआधी म्हणू लागतात, आणि गोष्टीचा सगळा जीव त्या थांबण्यात आहे. चित्रकारासाठीही ही मोठी संधी असते, कारण ऐकणाऱ्याला दाराची एकच बाजू कळते, तर चित्रात एका पानावर भिजत चाललेला कावळा आणि समोरच्या पानावर उबदार घर एकाच वेळी दाखवता येते. चिऊताई खरोखरच कामात आहे की टाळाटाळ करते आहे, हेही तिथेच ठरते: बाळ आधीच गाढ झोपलेले काढले, तर एकही शब्द न बदलता ती लबाड ठरते. (जाता जाता: बहुतेक पुस्तकांतल्या चिऊताईच्या गळ्याखाली काळा डाग असतो. तो नराला असतो, मादीला नाही.)

पुस्तक परत करण्याची गरज नाही. दार उघडण्याच्या पानाआधी थांबावे, मजकूर बाजूला ठेवून ती तिन्ही उत्तरे आपण स्वतः म्हणावीत आणि चौथे नातीला सुचवू द्यावे. खीर त्यानंतर खुशाल खाऊ द्यावी.