मोनोनोके पोरांना दाखवायचा का? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात 'प्रिन्सेस मोनोनोके'बद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हायाओ मियाझाकीचा, स्टुडिओ जिब्लीचा 1997 चा जपानी ॲनिमेशनपट. आशिताका नावाच्या तरुणाला शाप लागतो, तो उपाय शोधत पश्चिमेला निघतो आणि तिथे जंगलातले देव आणि लोखंड गाळणारं एक गाव यांच्या भांडणात सापडतो. सावंतवाडी आणि पुण्याच्या प्रश्नांत शेवट फोडलाय, आधीच सांगतेय.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. 'टोटोरो' त्याने इतक्यांदा बघितलाय की आम्हालाच पाठ झालाय. नेटफ्लिक्सवर त्याच लोकांचा म्हणून मोनोनोके लावला तर पहिल्या पाच मिनिटांत ते अळ्यांनी भरलेलं रानडुक्कर आलं आणि हा पांघरुणात. मिस्टर म्हणतात कार्टूनच आहे, बघू दे. काय करू? (नाशिक)

मिस्टरांना म्हणावं आधी तुम्ही पूर्ण बघा, मग बोलू 😀 दिग्दर्शक एकच आहे हे खरं, पण 'टोटोरो' 1988 चा, तो अगदी चार वर्षांच्या पोरालाही दाखवता येतो, आणि हा त्याच माणसाने बऱ्यापैकी चिडून केलेला सिनेमा आहे. अमेरिकेत याला पीजी-13 (म्हणजे तेराखालच्या मुलांच्या पालकांना इशारा) मिळालं होतं आणि ते बरोबरच आहे. डुक्कर तर सुरुवात झाली, पुढे सामुराई एका गावावर तुटून पडलेत आणि आशिताका बाण सोडतो, हातात शापाची ताकद शिरलेली, तर त्या बाणाने एकाचे दोन्ही हात तुटून झाडाला जाऊन चिकटतात आणि दुसऱ्याचं मुंडकंच उडतं. तेही एकदम झटकन, ना संगीत वाढत ना काही, कळायच्या आत होऊन जातं.

पण खरं सांगू का, रक्ताचं मला एवढं वाटत नाही. हल्लीची पोरं गेममध्ये याच्या दसपट बघतात. नऊ वर्षांचं पोर दर दहा मिनिटांनी विचारणार की आई यातला वाईट कोण, आणि त्याचं उत्तर या सिनेमात मिळतच नाही. बारा-तेराला दाखवा, सोबत बसून, मोबाईलवर नको. सव्वादोन तासांचा आहे, मध्ये चहा झाला तरी चालेल.

प्रश्न: व्हिलन कोण आहे नक्की? एबोशीचा राग येतो आणि दहा मिनिटांनी ती आवडायला लागते. माझंच काही चुकतंय का? (सोलापूर)

अहो काही चुकत नाहीये, सिनेमा तसाच बनवलाय. एबोशी म्हणजे त्या लोखंडाच्या गावाची मालकीण. झाडं तोडते, डोंगर खणते, नागो नावाच्या डुक्करदेवाला गोळी घालते, आणि ती लोखंडाची गोळी अंगात घेऊनच तो वेडापिसा होत आशिताकाच्या गावापर्यंत पोचतो, आणि त्याच्याशी झटापटीतच आशिताकाला शाप लागतो. म्हणजे शापाचं मूळ तीच. पण तिच्या गावात जा, तिथे भात्यावर बायका आहेत, कुंटणखान्यातून विकत घेऊन सोडवलेल्या. चार दिवस पाच रात्री भाता चालवायचा म्हणून सांगतात, पायाने फळी दाबत, घामाघूम, आणि तरी हसत नवऱ्यांची टिंगल करतात. (जपानमध्ये लोखंड गाळायच्या खऱ्या जुन्या भट्टीवर, तिला तातारा म्हणतात, बायकांना मनाई असायची, भट्टीच्या देवीला बायका चालत नाहीत असा समज होता. मियाझाकीने मुद्दाम उलटं केलंय.)

आणि तो मागच्या खोलीतला सीन. महारोगी माणसं, अंगभर पट्ट्या, बसून नव्या बंदुका बनवतायत. आशिताकाचा शापित हात आपोआप तलवारीकडे जायला लागतो, एबोशीला मारायला, तेव्हा अंथरुणावर पडलेला एक म्हातारा, ज्याचा चेहराही दिसत नाही, तो विनवतो की हिला मारू नका, आमचं सडलेलं अंग धुऊन पट्ट्या बांधणारी, आम्हाला माणूस म्हणून वागवणारी ही एकटीच आहे. बरं, ही बाई त्यांच्याकडून बंदुकाच बनवून घेतेय ना! दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच वेळी खऱ्या. आनंदवन माहीत असलेल्या मराठी माणसाला तर हा सीन जास्तच लागतो.

हे मियाझाकीच्या डोक्यातून असंच आलेलं नाही. टोकियोजवळ झेन्शोएन नावाची कुष्ठरुग्णांची जुनी वसाहत आहे, तो तिथे जात असे आणि त्याचा परिणाम या सिनेमावर झाल्याचं त्याने नंतर सांगितलंय. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना वेगळं कोंडून ठेवायचा कायदा रद्द झाला 1996 साली, सिनेमा यायच्या फक्त एक वर्ष आधी. म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला ती खोली काही पाचशे वर्षांपूर्वीची वाटली नसणार.

मला विचाराल तर एबोशीच या सिनेमाची मुख्य व्यक्ती आहे, नाव भले सानचं असो (लांडग्यांनी वाढवलेली मुलगी, तीच ती मोनोनोके).

प्रश्न: हे सगळं हाताने काढलंय की कॉम्प्युटरवर? (जळगाव)

जवळजवळ सगळं हाताने. सुमारे 1,44,000 चित्रं, आणि त्यातली 80,000 च्या आसपास मियाझाकीने स्वतः तपासली, दुरुस्त केली असं सांगतात. कॉम्प्युटर थोड्याच मिनिटांपुरता, त्या डुकराच्या अंगावरच्या वळवळणाऱ्या अळ्या वगैरे.

प्रश्न: इंग्लिशमध्ये बघू की जपानीत? (डोंबिवली)

जपानीत, सबटायटल लावून. इंग्लिश वाईट नाहीये, 1999 च्या त्या डबिंगचे संवाद नील गेमनने लिहिलेत, एबोशीला मिनी ड्रायव्हरचा आवाज आहे आणि तो मस्त जमलाय. पण मोरो नावाची लांडगीण, सानची आई, तिला जपानीत अकिहिरो मिवा या पुरुष कलाकाराचा आवाज आहे. रात्री कड्यावर बसून ती आशिताकाला विचारते की तू त्या पोरीला वाचवू शकतोस का, तो घोगरा थकलेला आवाज ऐका एकदा. इंग्लिशमध्ये ती फक्त रागावलेली वाटते.

अमेरिकेतल्या कंपनीला सिनेमा कापून छोटा करायचा होता, तेव्हा जिब्लीच्या निर्मात्याने त्यांच्या साहेबाला एक जपानी तलवार भेट दिली आणि सांगितलं, एकही कट नाही. किस्सा प्रसिद्ध आहे. आधी मियाझाकीच्याच 'नौसिका' सिनेमाची अमेरिकेत वाट्टेल तशी कापाकापी झाली होती, त्याचा राग होता तो.

प्रश्न: यातलं जंगल म्हणजे आपल्या देवराईसारखंच आहे ना? त्यातला जंगलाचा देव शिशिगामी म्हणजे राखणदार? (सावंतवाडी)

सावंतवाडीहून हा प्रश्न येणारच होता :) दिसायला हो. ते शेवाळलेलं जंगल याकुशिमा बेटावरून घेतलंय, जुन्या प्रचंड सीडार वृक्षांचं, जिब्लीची मंडळी तिथे जाऊन राहून चित्रं काढून आली होती. पण राखणदार म्हणाल तर तिथे मात्र गणित बदलतं. आपला देव देवराईतलं झाड तोडलं की कोपतो, म्हणून माणूस हात लावत नाही. शिशिगामी कोणाची बाजूच घेत नाही. एक शब्द बोलत नाही. चालतो तेव्हा पाऊल टेकतं तिथे रोपं उगवतात आणि पाऊल उचललं की त्याच क्षणी वाळतात, तो शॉट थांबवून बघा. आशिताकाची गोळीची जखम तो बरी करतो पण शाप तसाच ठेवतो, का ते सांगत नाही. आणि त्याच्यासाठी लढून अर्धमेल्या झालेल्या मोरोचा आणि आंधळ्या डुक्करराजा ओक्कोतोचा जीव तोच काढून घेतो. भक्तांचंच हे, तर शत्रूंचं काय. म्हणून नवस-कोपाच्या हिशोबाने बघायला गेलात तर शेवटचा अर्धा तास डोक्यावरून जाईल.

प्रश्न: एवढं सगळं करून आशिताका आणि सान शेवटी वेगळे का राहतात? मी आणि माझी बायको दोघंही वैतागलो. (पुणे)

मग काय सानने पदर खोचून भट्टीवर भाता मारायचा? किंवा त्याने लांडग्यांबरोबर गुहेत? ती सरळ सांगते, तू मला आवडतोस पण माणसांना मी माफ करू शकत नाही. तो म्हणतो चालेल, तू जंगलात राहा, मी गावात राहीन, भेटायला येत जाईन. यापेक्षा प्रामाणिक प्रपोजल मी तरी कुठल्या सिनेमात बघितलं नाहीये. आणि जिंकलंय कोण? देव मेला, डोंगर परत हिरवे झाले पण आधीचं जंगल गेलंच, एबोशीचा हात गेला, गाव उद्ध्वस्त झालं, ते ती परत उभारणार आहे. आता गावात एक माणूस हवा ना, ज्याला जंगलाची बाजू माहितीये. तोच नवरा बनून जंगलात पळाला असता तर पुढच्या पावसाळ्यात परत बंदुका निघाल्या असत्या.

प्रश्न: हा आवडला, असेच मोठ्यांचे ॲनिमेशन अजून सांगा. (कोल्हापूर)

'फँटास्टिक प्लॅनेट', 1973, फ्रेंच-चेक, निळ्या राक्षसांनी माणसं पाळलेली, विचित्र आहे पण तासा-सव्वातासात संपतो. आणि 'वॉटरशिप डाउन', 1978, ब्रिटिश, सशांचा. ससे म्हणून पोरांना बसवू नका, ब्रिटनमध्ये तेव्हा त्याला सगळ्यांसाठी चालणारं यू सर्टिफिकेट दिलं होतं आणि चाळीसेक वर्षं तक्रारी ऐकल्यावर ते पीजी, म्हणजे पालकांनी ठरवून दाखवायचं, असं केलं. आधी स्वतः बघा, मग ठरवा.