आधी सांभाळ की आधी शिक्षण? बालशिक्षणाच्या इतिहासाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : किंडरगार्टन म्हणजे ‘मुलांची बाग’ ना? या शाळांवर एकदा सरकारनं बंदी घातली होती असं ऐकलं. खरं आहे का?

अगदी खरं. जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांच्या खेळासाठी आणि हस्तउद्योगांसाठी संस्था काढली. १८४० मध्ये त्यांना तिच्यासाठी किंडरगार्टन हे नाव सुचलं. बाग हा शब्द नुसता लाडाचा नव्हता. मुलांना खरोखर स्वतःचे वाफे मिळत आणि त्यांची निगा मुलांनीच राखायची असे. शिवाय फ्रोबेल यांच्या ‘भेटवस्तू’ होत्या : आधी लोकरीचे सहा रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल, त्यानंतर आठ तुकड्यांत सुटणारा घन. मूल हातानं जोडतं आणि सुटं करतं, तेव्हा त्याची बुद्धीही काम करत असते, हा त्यांचा ठाम विश्वास होता. खेळ हा अभ्यासातून मिळालेली सुटी नसून मुलाचं खरं कामच आहे, हे इतक्या गांभीर्यानं मांडणारे ते पहिल्या काही जणांपैकी.

ऑगस्ट १८५१ मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी या शाळा बंद करायचा हुकूम काढला. धर्म बुडवणाऱ्या आणि समाजवादी विचारांच्या म्हणून! कार्ल फ्रोबेल या पुतण्याचं लिखाण काकांच्या खाती जमा झालं, असं त्यामागचं एक कारण सांगतात. फ्रोबेल यांनी खुलासा करून पाहिला, पण उपयोग झाला नाही. १८५२ च्या जूनमध्ये ते वारले आणि बंदी उठली १८६० मध्ये. मला यातली सर्वांत हृद्य गोष्ट वाटते ती पुढची. ही कल्पना तगली ती त्यांच्या विचारांनी भारलेल्या बायकांमुळे. मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेत वॉटरटाउनला जर्मन बोलणाऱ्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. १८७३ मध्ये सुझन ब्लो यांनी सेंट लुईसमध्ये ही कल्पना सरकारी शाळेत आणली.

प्रश्न : माँटेसरींच्या शाळेत चार-पाच वर्षांची मुलं लिहीत होती. मग आम्ही चार वर्षांच्या मुलाला लिहायला बसवलं तर काय बिघडलं?

‘बसवलं’ या शब्दातच उत्तर आहे. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं ‘बालगृह’ उघडलं. आईबाप कामावर गेले की मुलं इमारतीच्या भिंती आणि जिने खराब करतात, ही मालकांची तक्रार होती आणि त्यातूनच ही सोय झाली. लेखन-वाचन शिकवायचा माँटेसरींचा सुरुवातीला बेतही नव्हता. आयांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं बनवली. मुलं ती बोटानं गिरवत आणि सोबत आवाज उच्चारत. त्याआधी कित्येक दिवस लाकडी दट्ट्यांच्या बारीक मुठी तीन बोटांत धरून हात तयार झालेला असे. एक दिवस खडूनं धुराडं काढणारा मुलगा आपोआप शब्द लिहू लागला. बोटं, कान आणि डोळे आधीच तयार होते, म्हणून ते लिहिणं सहज आलं. ही सगळी पूर्वतयारी वगळून फक्त वही पुढे ठेवली तर त्याला माँटेसरींचं नाव देता येणार नाही.

प्रश्न : पाळणाघर वेगळं आणि बालशाळा वेगळी, ही फूट कुठून आली? दोन्हीकडे मुलं तीच असतात.

तुमचा प्रश्न मला सर्वांत जवळचा. गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ मध्ये स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या कापड गिरणीशेजारी शिशुशाळा उघडली. मुलं सांभाळायला त्यांनी एक विणकर आणि गिरणीतली सतरा वर्षांची मुलगी निवडली, कारण दोघांचा मुलांवर जीव होता. मारायचं नाही, धमकवायचं नाही, पुस्तकांनी छळायचं नाही, एवढ्या सूचना त्यांनी दिल्या. नाच, गाणी, चित्रं हा तिथला अभ्यास. पुढे कल्पना पसरली तेव्हा पायऱ्यांवर ओळीनं बसून घोकणारी मुलं दिसू लागली!

नंतरच्या काळात बहुतेक देशांत दोन वाटा झाल्या. कामकरी आयांच्या मुलांचा सांभाळ आरोग्य किंवा समाजकल्याण खात्याकडे गेला, तर शिकवणं शिक्षण खात्याकडे. मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड भागात मोकळ्या हवेतली शाळा काढली. तिथे आंघोळ, जेवण, झोप आणि बाग हे सारं शिक्षणच मानलं जाई. ही फूट शासनाच्या पातळीवर मिटवायला स्वीडनला १९९६ उजाडलं. त्या वर्षी पाळणाघरं शिक्षण मंत्रालयाखाली आली आणि १९९८ मध्ये त्यांना स्वतःचा अभ्यासक्रम मिळाला.

प्रश्न : लवकर शिकवल्याचा फायदा पुढे विरून जातो म्हणे. मग खर्च कशाला?

अमेरिकेत हाच वाद पेटला होता. १९६५ मध्ये गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ हा सरकारी उपक्रम आठ आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम म्हणून सुरू झाला आणि १९६९ च्या मूल्यमापनात लाभ ओसरताना दिसला. पण मिशिगनमधल्या पेरी बालशाळेच्या अभ्यासात १२३ मुलांचा मागोवा चाळिशीपर्यंत घेतला गेला; त्यातली काही या शाळेत गेलेली, काही तुलनेसाठी निवडलेली, न गेलेली. बुद्ध्यंकातला फरक शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांतच पुसला गेला होता, तरी शाळेत गेलेल्यांमध्ये मोठेपणी शिक्षण पूर्ण करणारे जास्त, कमाई जास्त आणि अटका कमी. १२३ हा आकडा लहान आहे, हे विसरू नका. शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलत, हेही विसरू नका. उन्हाळ्यातले आठ आठवडे आणि घराशी जोडलेलं हे काम यांची तुलना एका मापानं होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सहा पूर्ण झाल्यावर शाळेत जाईल. उशीर होतोय का?

नाही. ब्रिटनमध्ये पाच वर्षं हे वय १८७० च्या कायद्यातून आलं, तेही बालमानसाच्या अभ्यासाविना. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जातं. त्याआधीचं एक वर्ष तिथे २०१५ पासून सक्तीचं आहे, पण त्यातही खेळाला मोठी जागा आहे.