मुलग्यांच्याच शाळेत घालावं का?

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. पाचवीपासून मध्य मुंबईतल्या एका कॅथलिक संस्थेच्या, फक्त मुलग्यांच्या शाळेत त्याला प्रवेश मिळण्यासारखा आहे. माझे दीर तिथलेच माजी विद्यार्थी. ते म्हणतात, डोळे मिटून घाला. सासऱ्यांना धर्माची आणि मराठीची काळजी वाटते. यजमान म्हणतात, इंग्रजी सुधारेल. मला वाटतं, वर्गात मुलीच नसतील तर तो आडदांड तर होणार नाही ना? तुम्ही अशाच शाळेत शिकलात असं मागे लिहिलं होतं, म्हणून विचारते.
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, तुमचे दीर म्हणतात ते खोटं नाही. मी 1979 साली जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या अशाच एका शाळेतून दहावी झालो. वडील पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. घरात पंचांग, रोजचा पेपर आणि क्रमिक पुस्तकं सोडली तर छापील कागद नव्हता. शाळेत मात्र मधल्या सुट्टीत ग्रंथालय उघडं असे आणि दाराशी एक वयस्क स्पॅनिश फादर बसलेले असत. आधी नेलेल्या पुस्तकावर चार प्रश्न विचारल्याशिवाय ते नवं पुस्तक हातात देत नसत. पांढऱ्या झग्यातल्या त्या माणसाला ना घर ना संसार. त्याचा सगळा दिवस आम्हा पोरांचा होता. माझं वाचन तिथे सुरू झालं. त्यांचं ऋण मी आजही मानतो.

दुसरी श्रीमंती मैदानाची. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये या शाळांचा दबदबा होता. सुनील गावसकर फोर्टच्या सेंट झेवियर्सचे. 1977 मध्ये रवी शास्त्रीच्या नेतृत्वाखाली माटुंग्याच्या डॉन बॉस्कोनं पहिल्यांदा गाइल्स शील्ड ही शालेय क्रिकेट स्पर्धा जिंकली, तेव्हा आमच्याही वर्गात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

पण मला खरं सांगायचंय ते इथून पुढे. ज्याला खेळता येई त्याला सगळं माफ होतं. ज्याला येत नसे त्याला पोरं बोलून बोलून हैराण करायची. आमच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. एक शिक्षक त्याची नक्कल करत आणि आम्ही चाळीस-पन्नास पोरं हसायचो. छडी तर रोजचीच. रडलं की ‘मुलगी आहेस का?’ हे ठरलेलं. तो मित्र आमच्या एकाही गेट-टुगेदरला आला नाही. काही वर्षांपूर्वी ठाण्यात भेटला, तेव्हा म्हणाला, ‘‘रविवारी संध्याकाळी अजून पोटात गोळा येतो रे.’’ तो आता आजोबा झालाय.

म्हणून सांगतो, दिरांचं ऐका. पण माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जे येतात त्यांना शाळा आवडलेलीच असते. दिरांना त्यांच्या वर्गातल्या अशा दोघा-तिघांचे नंबर मागा, जे मेळाव्याला कधी येत नाहीत. त्यांच्याशी बोला. आणि अलीकडेच बाहेर पडलेल्या एखाद्या मुलालाही गाठा. दिरांची शाळा आणि आजची शाळा यांत बराच फरक पडलेला असेल.

मुलाखतीला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचारा : मुलाला कुणी त्रास दिला तर त्यानं कुणाला सांगायचं? समुपदेशक आहेत का, आठवड्यातून किती दिवस येतात? लैंगिक त्रासाबद्दल विचारायलाही संकोच करू नका. 2012 चा पॉक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा, मुलग्यांनाही तेवढंच संरक्षण देतो आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, मग तो फादर असो, शिक्षक असो की शिपाई. हा प्रश्न मी कुठल्याही शाळेत विचारायला सांगेन. मात्र जिथे मुलांच्या मनात फादरांविषयी देवासारखा आदर असतो, तिथे तो विचारायलाच हवा. मुख्याध्यापक शांतपणे, तपशिलात उत्तर देतात की विषय बदलतात, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

सासऱ्यांना सांगा, धर्माची भीती मी स्वतः अनुभवलेली नाही. सकाळी म्हटली जाणारी ‘अवर फादर’ ही ख्रिस्ती प्रार्थना सगळ्यांना पाठ होती. नंतर कॅथलिक मुलं कॅटेकिझमच्या, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या तासाला जात आणि आम्ही बाकीचे मॉरल सायन्सला, म्हणजे नीतिशिक्षणाला बसत असू. घरी माझी आजी संध्याकाळी शुभंकरोति म्हणून घेई. दोन्हींचं कधी भांडण झालं नाही. शिवाय मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. राज्यघटनेच्या कलम 28(3) मध्ये ते स्पष्ट आहे.

मराठीची काळजी मात्र खरी आहे. आमच्या वेळी ‘लोअर मराठी’ म्हणजे पास होण्यापुरता विषय होता. आता 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तरी नुसत्या पुस्तकातल्या मराठीवर भागत नाही. मी आईला रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचो, म्हणून माझी टिकली. हे काम घरालाच करावं लागेल.

मुलींचं म्हणाल, तर आम्ही एकमेकांना आडनावानंच हाक मारायचो आणि मुलीशी साधं बोलायचं तर घाम फुटायचा. कॉलेजात ते सुटायला वेळ लागला. पण तुमच्याकडे मामेबहिणी, आतेबहिणी, शेजारच्या मुली असतीलच. सुट्टीत, गणपतीत, सोसायटीच्या खेळात त्याला त्यांच्यात मोकळं राहू द्या. घरातली कामंही त्याला बरोबरीनं करायला लावा. मुलगा आडदांड होण्यात वर्गाचा वाटा असतो, तसा घराचाही असतो.

आणि ताई, तुमच्या पत्रात दीर, सासरे, यजमान, तुम्ही, सगळ्यांची मतं आहेत; मुलाचं नाही. अर्ज भरण्याआधी मधल्या सुट्टीच्या वेळी त्याला शाळेच्या फाटकाशी घेऊन जा. पोरं कशी खेळतात, कशी बोलतात, ते त्याला बघू द्या. मग त्याला विचारा आणि तो जे सांगेल ते मला कळवा.