दारावरची पाटी

अगं,

तुझा रात्री दीडचा व्हॉइस मेसेज सकाळी ऐकला. दाराच्या मुठीला कुणीतरी पाटी अडकवून गेलंय आणि तुला वाटतंय की आपल्या फोडणीच्या वासाची तक्रार झाली. वेडाबाई, ती केअरवोखंची पाटी आहे. ही जर्मनीतल्या श्टुटगार्टकडची जुनी पद्धत, या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुझी, बस. शब्दातच केर आहे बघ! शनिवारपर्यंत झाडून पुसून घे, पायरीचे कोपरे विसरू नको (समोरच्या आजी बघतात, मला अनुभव आहे), मग पाटी शेजारच्यांच्या दाराला अडकव.

दुसरं, ऑफिसातली ती सहकारी तुला कॉफी हवी का विचारून लगेच निघून गेली म्हणून तू जे मनाला लावून घेतलंयस ते सोड. तू नको म्हणालीस ना? मग तिने नको असंच ऐकलं. आपल्याकडे नको म्हटलं की समोरचा अजून दोनदा आग्रह करणार हे धरूनच आपण नको म्हणतो. मी पहिल्या वर्षी बॉसच्या घरी केकला नको म्हणाले, तर बाईंनी शांतपणे प्लेट आत नेली आणि मी परत येताना थंडीत स्टेशनवर डोनर कबाब खाल्ला. हवं असेल तर पहिल्या फटक्यात हो म्हण.

आणि वेळ. घर दाखवायला मालकांनी 'हाल्ब फिअर'ला बोलावलेलं, मी हाफ आणि चार ऐकून साडेचारला गेले, तो माणूस तासभर आधी थांबून निघून गेलेला, कारण ते म्हणजे साडेतीन. चौथा तास अर्धा झाला असा त्यांचा हिशोब. मग कळलं की आपलं अडीचही तसंच आहे, मूळ संस्कृत अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा. आकड्यांचंही तेच, ते पाच-आणि-वीस म्हणतात, आपण पंचवीस म्हणतो. इंग्रजीतून जर्मन शिकू नकोस, मराठीतून शीक, खरंच सोपं जातं.

रविवारी दुकानं बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आण. काचेच्या बाटल्या त्या मोठ्या डब्यात रविवारी टाकायला जाऊ नको, खळकन आवाज होतो आणि वरून खिडकी उघडते. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र साठव, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बहुतेक बाटल्यांचे एकेकीचे 25 सेंट परत मिळतात, मी तर महिनाअखेरीला त्यावर भाजी आणायचे.

पुढच्या मंगळवारी तुझा वाढदिवस ना? इथे जिचा वाढदिवस तीच ऑफिसात केक नेते, तुला कोणी आणेल म्हणून वाट बघत बसू नको. शिरा नेलास तरी चालेल, वेलची जरा कमी घाल. आणि आधी शुभेच्छा देणं इथे अपशकुनी मानतात, आता मलाही ती सवय लागलीये, त्यामुळे आज काही म्हणत नाही, मंगळवारी सकाळी फोन करते.

तुझी ताई