एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये) २२ नॅनोमीटर आणि एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) ८०, मग झिंक ऑक्साइडच्या कणाचा खरा साइज कुठला?

दोन्ही खरे असू शकतात, घाबरू नका. एक्सआरडीच्या आलेखातल्या पीकच्या (उंच टोकाच्या) रुंदीवरून शेररच्या सूत्राने जो आकडा येतो तो कणाचा नसतो, क्रिस्टलाइटचा असतो, म्हणजे ज्या भागात अणूंची रचना सलग एकसारखी आहे तेवढाच भाग. एसईएममध्ये दिसतो तो अख्खा कण, आणि त्यात असे बरेच क्रिस्टलाइट एकमेकांना चिकटलेले असतात, त्यात तुम्ही कॅल्सिनेशन (भट्टीत तापवणं) ४००-५०० डिग्रीला केलं असेल तर कण एकत्र येऊन गठ्ठे होणारच.

पण आधी कॅल्क्युलेशन परत बघा. ३६.२ डिग्रीजवळचा १०१ चा पीक (१०१ हा अणूंच्या एका प्रतलाचा क्रमांक) घेतला असेल तर सूत्रातल्या कोसाइनमध्ये टू थीटा (आलेखावरचा हा कोन) नाही, त्याचा अर्धा टाकायचा, आणि पीकची रुंदी रेडियनमध्येच हवी (निम्मे लोक इथेच चुकतात, मीही चुकलोय). मशीनमुळे पीक जो थोडा रुंद होतो तो एखादा स्टँडर्ड सॅम्पल, सिलिकॉन वगैरे, चालवून वजा करा, नाहीतर साइज उगाच लहान येतो. लॅटिसमधल्या (अणूंच्या जाळीतल्या) स्ट्रेनमुळेही, म्हणजे ताणामुळेही, पीक रुंदावतो, त्यासाठी विल्यमसन-हॉल प्लॉट (साइज आणि स्ट्रेनचा परिणाम वेगळा करणारा आलेख) काढून बघा.

टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मिळत असेल तर करूनच घ्या, तिथे एकेक कण वेगळा दिसतो. आणि डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून साइज मोजायची पद्धत) केलंत तर अजून मोठा आकडा येईल, कारण ते पाण्यात कणाभोवतीचा थरही धरतं.

थीसिसमध्ये फक्त ‘पार्टिकल साइज २२’ असं लिहू नका, ‘क्रिस्टलाइट साइज’ लिहा.