दगावलेला घोडा आणि शनिवारची शिकवणी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीच्या दक्षिण भागात राहतो. माझी ११ वर्षांची लेक दर शनिवारी घोडेस्वारी शिकायला जाते. गेल्या आठवड्यात तबेल्यातून निरोप आला, की जवळच्या एका फार्मवरचा घोडा ‘ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस’ या मेंदूला सूज आणणाऱ्या रोगाने दगावला. सासूबाईंनी लगेच फर्मान काढलं, घोड्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही! शिकवणी बंद करू का? आणि घोड्यापासून हा रोग आपल्याला होत नाही म्हणतात, मग सरकार घोडे तपासतं तरी कशाला?

उत्तर : शिकवणी बंद करू नका. ती किती वाजता असते ते मात्र मला कळवायला हवं होतंत.

सासूबाईंचा दोष नाही, नावच फसवं आहे, ‘इक्वाइन’ म्हणजे घोड्याचा. १९३३ साली याच पूर्व किनाऱ्यावर घोडे पटापट मेले, त्यांच्या मेंदूत हा विषाणू सापडला आणि घोड्याचं नाव त्याला कायमचं चिकटलं. खरं बिऱ्हाड पक्ष्यांकडे. दलदलीतल्या झाडांच्या मुळांखाली पाणी साचतं, तिथे वाढणारे डास तो पक्ष्यांमध्ये फिरवत ठेवतात. मग पक्षी आणि माणूस दोघांनाही चावणारे दुसरे डास तो बाहेर आणतात. घोड्याच्या रक्तात विषाणू इतका कमी असतो, की त्याला चावलेला डास पुढे कुणाला देऊ शकत नाही. लेकीने खुशाल खरारा करावा. (व्हेनेझुएलन नावाचा भाऊबंद मात्र वेगळा. तो घोड्यात भरपूर वाढतो, म्हणूनच १९७१ साली तो टेक्सासात शिरला तेव्हा लाखो घोड्यांना लस टोचावी लागली.)

आता तपासणीचं. घोडा दिवसरात्र उघड्यावर असतो, डास त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चावतात. १९३८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आधी घोडे पडले आणि पाठोपाठ माणसं, त्यातही बहुतेक लहान मुलं. म्हणून घोडा अडखळू लागला, गोल गोल फिरू लागला, की आम्ही पशुवैद्य त्याचं रक्त तपासायला पाठवतो. मेला तर मेंदू. तोही हातमोजे, चष्मा घालून, कारण रेबीजही असाच दिसतो. मी इथे नवी होते तेव्हा एक घोडी भिंतीला डोकं टेकवून उभी असलेली पाहिली. मालकाने त्या वर्षी लस टाळली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली. या रोगात लस न घेतलेले बहुतेक घोडे वाचत नाहीत.

पण खरी गोम लशीतच आहे, आणि तबेल्याच्या निरोपात ती कुणी लिहीत नाही. २००२ मध्ये वेस्ट नाइल या डासांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूने अमेरिकेत सुमारे १५ हजार घोडे आजारी पडले. पुढे लस सर्रास झाली आणि आकडा कोसळला. घोड्यांचं भलं झालं, पण आजारी पडून आम्हाला आधी इशारा देणारा खबऱ्या मुका झाला. त्यामुळे ‘आमच्याकडे एकही घोडा आजारी नाही’ असं कुणी सांगितलं, तर मी लगेच हुश्श करत नाही. सापळ्यात पकडलेले डास तपासतात, त्या निकालाकडे बघते. तुमच्या काउंटीच्या डास-नियंत्रण विभागाकडे विचारा, सांगतील.

माणसाला ही लागण क्वचितच होते, पण मेंदूला सूज आली तर साधारण तिघांत एक दगावतो, आणि आपल्यासाठी बाजारात लस नाही. तेव्हा पाणी गोठवणारी पहिली कडक थंडी पडेपर्यंत शिकवणी सकाळी उजाडल्यावर किंवा दुपारी घ्या, दिवेलागणीला लेक घरात हवी. पूर्ण बाह्या, आणि उघड्या अंगाला डीट (डासांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम. तबेल्यातल्या बादल्या उपड्या केल्याने घराजवळचे डास कमी होतील. दलदलीतल्यांना त्याचं काही नाही.

आणि लेक ज्या घोड्यावर बसते, त्याला यंदाची लस कोणत्या तारखेला दिली, ते शनिवारी विचारून या. उत्तर द्यायला कुणी घुटमळलं, तर मला पुन्हा लिहा.