आमदाराने किती कायदे केले, किती ठराव मंजूर करून घेतले, हे कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: आमदारांच्या कार्य अहवालात "इतके कायदे केले, इतके ठराव मंजूर करून घेतले" असं छापलंय, त्यात खरं किती आणि सामान्य मतदाराने ते तपासायचं कसं?

आधी एक स्पष्ट करतो. महाराष्ट्रात मंत्री नसलेल्या आमदाराच्या नावावर कायदा असणं अत्यंत दुर्मिळ आहे. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य असले तरी मंजूर होणारी जवळपास सगळी विधेयकं मंत्र्यांनी मांडलेली असतात. बाकी कुणीही मांडलेलं, अगदी सत्ताधारी बाकांवरच्या सदस्याने मांडलेलंही, अशासकीय विधेयक ठरतं. त्यामुळे "कायदे केले" याचा अर्थ बऱ्याचदा "कायदा मंजूर झाला तेव्हा मी सभागृहात होतो" एवढाच निघतो. तुमचे आमदार त्या काळात मंत्री असतील, तर त्यांच्या खात्याची विधेयकं त्यांच्या नावावर दिसतील. पण ती खात्याने तयार केलेली आणि मंत्रिमंडळाने मान्य केलेली असतात, म्हणून वेगळी मोजा.

विधेयक कुणाचं हे ओळखायला छापील प्रतीत शेवटाकडे जा. कलमं संपली की "उद्देश व कारणे यांचे निवेदन" येतं. त्याखाली ठिकाण, तारीख आणि नाव असतं. नावाखाली मंत्रिपद छापलेलं असेल तर विधेयक शासकीय. पुढे वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाची माहिती देणारं टिपण, असेल तर तेही वाचा, तिथेच बरीच अशासकीय विधेयकं अडकतात. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागणारं विधेयक राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०७ मध्ये आहे. राज्यपाल अशी शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. म्हणजे सरकारच्या मनात नसेल तर खर्चाचं विधेयक पुढे सरकतच नाही.

अहवालातली सगळ्यात नेहमीची चलाखी म्हणजे पुरःस्थापना हेच यश म्हणून दाखवणं. पुरःस्थापना म्हणजे विधेयक सभागृहात दाखल झालं, इतकंच. त्यानंतर ते विचारात घेतलं जायला हवं, खंडशः, म्हणजे एकेका कलमावर, चर्चा व्हायला हवी, मंजूर व्हायला हवं, दुसऱ्या सभागृहातून जायला हवं, राज्यपालांची संमती मिळायला हवी आणि राजपत्रात अधिनियम म्हणून प्रसिद्ध व्हायला हवं. अशासकीय कामकाजाला वेळ मिळतो तो शुक्रवारी, तोही बॅलटमध्ये, म्हणजे चिठ्ठ्यांच्या सोडतीत, नाव निघालं तर. अधिवेशन दोन-तीन आठवड्यांचं असलं की असे शुक्रवार किती मिळणार? त्यातून चर्चेला आलंच, तर मंत्री उत्तरात सांगतात की शासन या विषयावर सर्वंकष विधेयक आणणार आहे, सदस्यांनी आपलं विधेयक मागे घ्यावं. मग ते मागे घेतलं जातं. विधानसभा विसर्जित झाली की तिथे प्रलंबित असलेली विधेयकं आपोआप व्यपगत होतात, म्हणजे संपतात. नव्या विधानसभेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं म्हणजे कायदा झाला, असंही नाही. महिला व बालकांवरील अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. केंद्रीय फौजदारी कायद्यांत बदल असल्यामुळे त्याला राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही आणि कायदा अंमलात आला नाही. म्हणून अहवालातल्या प्रत्येक "कायद्या"साठी एकच गोष्ट मागा: अधिनियम क्रमांक आणि वर्ष. जादूटोणाविरोधी कायदा म्हटला की सन २०१३ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ३०. शोधताना नावातल्या वर्षावर विसंबू नका. रोजगार हमी अधिनियमाच्या नावात १९७७ आहे, पण त्याचा क्रमांक १९७८ चा २०, आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून.

रोजगार हमीचं उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. या योजनेचे जनक म्हणून आपण वि. स. पागे यांचं नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण ते विधान परिषदेचे सभापती होते. विधेयक मांडणाऱ्यांच्या यादीत शोधलंत तर त्यांचं काम सापडणार नाही.

मंत्री नसलेल्या सदस्याने कायदा करून घेतल्याची उदाहरणं पाहायची तर जुन्या मुंबई कायदेमंडळात जावं लागतं. विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकातून १९१८ चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि नगरपालिकांना शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार मिळाला. रा. सु. आसवले यांनी मांडलेल्या विधेयकातून १९२९ चा प्रसूती लाभ कायदा आला. त्यावरच्या चर्चेत १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केलं होतं.

आता ठराव. इथे गोंधळ जास्त होतो, कारण अहवालात शासन निर्णयसुद्धा ठराव म्हणून घुसडले जातात. शासन निर्णय, म्हणजे जीआर, मंत्रालयातल्या विभागाकडून निघतो. त्यावर सभागृहात मतदान होत नाही. सभागृहाचा ठराव ही वेगळी गोष्ट, आणि त्यातही दोन जाती आहेत. काही ठरावांना संविधानातच परिणाम दिलेला आहे: अध्यादेश नामंजूर करणं, विधान परिषद निर्माण किंवा रद्द करण्याची मागणी, घटनादुरुस्तीला अनुसमर्थन, म्हणजे राज्याची मान्यता. बाकीचे ठराव म्हणजे सरकारला शिफारस. सीमाप्रश्नावर डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने ठराव केला, तो मुख्यमंत्र्यांनी मांडलेला शासकीय ठराव होता. त्याला पाठिंबा देणाऱ्या प्रत्येक आमदाराने तो आपल्या खात्यात मोजायचं ठरवलं तर हिशेबाला अर्थच उरत नाही.

शिफारशीचा ठराव निरुपयोगी असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. सीताराम केशव बोले यांचं काम पाहा. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करावेत, हा त्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारने ११ सप्टेंबरला खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे आदेश दिले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद सगळे व्यवस्थित होते, पण तळ्यावर काहीच बदललं नाही. बोले थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ ला ते दुसरा ठराव घेऊन आले: पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांचं अनुदान बंद करावं. मला त्यांच्या कामात सगळ्यात मोठा वाटतो तो हा दुसरा ठराव. पहिला कुठे अडला हे त्यांनी पाहिलं आणि नेमक्या त्या जागी पैशाचा दाब दिला. तरीही मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १७ मार्च १९३७ उजाडला.

नुसते मंजूर झालेले आकडे मोजले तर त्याच काळातला आणखी एक सदस्य नापास ठरतो. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाबाबत, म्हणजे गावकामाच्या बदल्यात महारांना मिळणाऱ्या वंशपरंपरागत वतनाबाबत, सुधारणा विधेयक मांडलं, ते प्रवर समितीकडे (विधेयक तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे) गेलं आणि शेवटी त्यांनी मागे घेतलं. १७ सप्टेंबर १९३७ ला मांडलेलं खोती (कोकणातली खोतांमार्फत सारावसुलीची पद्धत) निर्मूलनाचं विधेयकही मंजूर झालं नाही. पण खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि महार वतनासह कनिष्ठ गाव वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. म्हणून मागे घेतलेली विधेयकंही वाचा आणि त्याच विषयावर नंतर सरकारने काय आणलं, हे जुळवून पाहा.

आजच्या आमदाराची छाप शोधायची तर शासकीय विधेयकांवरच्या सुधारणांमध्ये शोधा. कुठल्या खंडाला त्यांनी सुधारणा सुचवली, ती स्वीकारली गेली का, संयुक्त समितीत असतील तर अहवालाला भिन्न मतपत्रिका, म्हणजे असहमतीची लेखी नोंद, जोडली का, हे कार्यवाहीत नोंदलेलं असतं. लक्षवेधी सूचनेच्या (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या) किंवा तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या) प्रश्नाच्या उत्तरात मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन सभागृहाच्या आश्वासन समितीकडे जातं. तेही मोजा, पण "कायदा" या रकान्यात नको.

प्रत्यक्ष तपासणीसाठी विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा. विषयापेक्षा तारखेने शोधलंत तर लवकर सापडतं, म्हणून आमदारांच्या कार्यालयाकडून आधी चार गोष्टी लेखी घ्या: सभागृह, अधिवेशन, तारीख आणि विधेयक वा ठराव क्रमांक. मग त्या दिवसाची कामकाजाची यादी आणि कार्यवाही शेजारी ठेवा. यादीत नाव असणं पुरेसं नाही, वेळेअभावी कितीतरी बाबी पुकारल्याच जात नाहीत. पुकारली गेली की नाही आणि शेवटी काय झालं, हे कार्यवाहीतच कळतं. मंजूर, नामंजूर, मागे घेतला, की चर्चा अपूर्ण, यांपैकी काहीतरी तिथे असेल. नोंद मिळाली नाही तर विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. "आमदारांचे सर्व काम द्या" असा मोघम अर्ज केलात तर उत्तरही मोघम येईल. एका अर्जात एकच ठराव आणि त्याची तारीख लिहा. ठरावावर पुढे काय कार्यवाही झाली, हे विचारायचं असेल तर दुसरा अर्ज मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे करा, कारण तो कागद विधानभवनात नसतो.